कोंडीबानं घडवलेला सुरा

कोंडीबा लोहाराला लोखंड आवडायचं आणि माणसं आवडायची नाहीत. लोखंड तापवलं की लाल होतं, ठोकलं की वळतं आणि एकदा वळलं की वळलेलं राहतं. गावातल्या एकाही माणसात ह्यातला एकसुद्धा गुण नाही, असं साठीला टेकता टेकता त्याचं पक्कं मत झालं होतं. आणि मत पोटात ठेवणं त्याला जन्मात जमलं नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

गाव सातारा जिल्ह्याच्या पार शेपटाला. पूर्वेचा ओढा ओलांडला की सांगली जिल्हा लागायचा. वेशीबाहेर चिंचेखाली कोंडीबाची भट्टी, आणि भट्टीभोवती दोन कामाची माणसं आणि आठ रिकामटेकडी कायम बसलेली. कुणी बोथट खुरपं घेऊन आलं की कोंडीबा आधी खुरप्याकडं बघायचा, मग मालकाकडं, आणि नाकातून एक फुंकर सोडायचा. त्या फुंकरीत त्या माणसाची सगळी लायकी आलेली असायची. एकानं सांगलीच्या बाजारातून विकत घेतलेला विळा मोठ्या कौतुकानं दाखवायला आणला. कोंडीबानं तो ऐरणीवर ठेवला, हातोड्याचा एकच ठोका दिला आणि दोन्ही तुकडे त्याच्या हातावर ठेवत म्हणाला, "घे. एकाच्या पैशात दोन झालं."

गावातला सगळ्यांत मोठा ऊसवाला गुंडा पाटील. हा पाटील लोहाराचं वर्षाचं बलुतं म्हणून किडका जोंधळा घालायचा. एका साली कोंडीबानं तो जोंधळा त्याच्याच समोर कोंबड्यांना टाकला. कोंबड्यांनी चार दाणे टिपून तोंड फिरवलं तेव्हा म्हणाला, "बघा पाटील, त्यास्नीबी घर कळलं." पाटील हसला. कोंडीबाचं बोलणं सगळेच हसण्यावारी न्यायचे, कारण त्याच्यासारखं काम कराडपासून मिरजेपर्यंत कुणाचं नव्हतं.

कामात मुख्य म्हणजे पाणी. पोलाद घडवून झालं की ते मऊच असतं. ते पुन्हा लालबुंद तापवून एका झटक्यात गार करायचं, म्हणजे त्याला कडकपणा येतो. ह्यालाच पाणी देणं म्हणतात. थोडं कमी झालं तर हत्यार वाकतं, थोडं जास्त झालं तर काचेगत तुटतं. कोंडीबाचा बाप औंधला एका सरदाराच्या हत्यारांना पाणी द्यायचा आणि ती नजर त्यानं पोराला दिली होती. चाळीस वर्षांत कोंडीबाच्या भट्टीतून बिनपाण्याची चीज बाहेर पडली नव्हती. साधी अडकित्त्याची पाती असो, नाहीतर नांगराचा फाळ. जगात मान द्यावा असं एवढंच एक त्याला सापडलं होतं, आणि तेही स्वतःचंच होतं.

बायको राहीबाई भाता ओढायची आणि घण मारायची. ती फारसं बोलायची नाही. तिच्या कालवणाला कोंडीबा रोज नावं ठेवायचा, घणाला मात्र कधी नाही.

चौऱ्याहत्तर साली, संक्रांत उलटल्यावर, ह्या भट्टीवर मानसिंग आला.

मानसिंग म्हणजे गावाची चेष्टा. गाव फौजी लोकांचं. दर दोन घरांमागं एक फोटो भिंतीला टांगलेला, एखाद्याचा हात पंजाबात राहिलेला, एखाद्याच्या पायात अजून शिसं. अशा गावातला मानसिंग पंधरा वर्षं फौजेत काढून आला तो साहेब लोकांच्या मेसमध्ये चहा वाटून. बंदूक त्यानं भरती झाल्यावर शिकण्यापुरती धरली, त्यानंतर ट्रे धरला. गावानं त्याला 'कपबशी हवालदार' अशी पदवी दिली आणि ती त्याच्या पेन्शनीपेक्षा जास्त टिकाऊ निघाली.

त्यानं आल्याआल्या भट्टीपुढं एक पोतं सोडलं. आत फौजी ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा हातभर तुकडा, आज्याच्या वेळचं सांबराचं अर्धं शिंग आणि एक फुटका पितळी तांब्या. मग खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर पेन्सिलीनं एक सुरा काढला होता. वीतभर पातं, टोकाकडं निमुळतं, मुठीच्या वर पितळी आडवी पट्टी, शिंगाची मूठ.

"आबा, असा शिकारी सुरा करून द्या. तीस रुपये हायती. त्यातच बसवा. सामान सगळं माझं."

कोंडीबानं कागद उलटा धरून बघितला, मग सुलटा. "शिकारी? आरं, सरकारनं शिकार बंद केली की रं. तुला कुणी सांगितलं न्हाई व्हय?"

कायदा आला होता खरा. पण कायदा साताऱ्यात आणि डुक्कर उसात, अशी स्थिती होती. शिमग्याच्या करीला, म्हणजे होळीच्या दुसऱ्या दिवशी, ओढ्याकाठच्या उसात डुकरांचा हाका घालायची गावाची जुनी रीत, ती चालूच होती. एका बाजूनं डबे वाजवत माणसं आत शिरायची आणि दुसऱ्या बाजूला, उसाच्या तोंडाशी, हत्यारवाले उभे राहायचे. त्या जागेला नाका म्हणत. नाक्यावर उभं राहायचं तर हत्यार आपल्या नावानं घडवलेलं पाहिजे. उसनं किंवा विकतचं चालत नाही, असा दंडक. ज्याला तसलं हत्यार नाही त्यानं बायकापोरांबरोबर डबा वाजवायचा. मानसिंगानं फौजेतून परत आल्यावर दोन वर्षं डबा वाजवला होता.

"औंदा मला नाक्यावर उभं ऱ्हायचं हाय, आबा," तो म्हणाला. "डबा न्हाई वाजवायचा."

"मग भाला कर. डुकराला भाला लागतो. सुरा लागतो डुक्कर मेल्यावर, वाटं घालायला."

"आमच्या मेजरसायबाकडं हुता असाच. त्यो म्हणायचा, लांबनं कुणीबी मारतंय, जवळनं मारायला काळीज लागतंय."

"आन सायेब काळीज दाखवीत हुता तवा तू काय करीत हुतास?"

"मी चहा न्यायचो," मानसिंग म्हणाला. खोटं बोलायची अक्कलसुद्धा ह्या माणसाला नव्हती.

भट्टीभोवती हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, आबा, सुऱ्याला एक बशीबी जोडून द्या. मानसिंगही त्यांच्याबरोबर हसला. हे बघून कोंडीबाला त्याची जास्तच किळस आली. माणूस चिडला असता तरी कोंडीबानं त्याला अर्धा माणूस म्हणून धरला असता. पण स्वतःवरच हसणाऱ्याला काय म्हणायचं? मांजर उंदराला खेळवतंय म्हणावं तर इथं उंदीरच टाळ्या वाजवत होता. कोंडीबानं नाकातून फुंकर सोडली आणि सामान आत घेतलं.

काम मात्र त्यानं सुरेख केलं. ते त्याच्या हातांना टाळता येत नव्हतं. पाट्याचा तुकडा तापवून, राहीबाईच्या घणाखाली लांबवून त्यानं पातं असं काढलं की कागदावरची रेघ लाजावी. तांब्याच्या पितळेची पट्टी झाली, शिंगाची मूठ घासून हातात बसेल अशी केली. चार दिवस गेले. मग पाणी द्यायची वेळ आली आणि कोंडीबा थांबला.

पाट्याचं पोलाद मोठं मिजासखोर. साध्या पाण्यात बुडवलं तर तडकतं. त्याला तेलात गार करावं लागतं, चांगलं भांडंभर. दुष्काळाच्या मागून करडीचं तेल इतकं महाग झालं होतं की कालवणाला राहीबाई ते थेंबाथेंबानं मोजून घालायची. घरात तेवढंच भांडंभर तेल होतं, आणि एकदा त्यात लाल पोलाद बुडालं की ते तेल खायच्या कामाचं राहत नाही.

"पाणी?" राहीबाईनं भात्याजवळून विचारलं.

"कशाला? हे काय हत्यार हाय? भिंतीला अडकवायचं खेळणं हाय. ह्येच्यासाठी घरातलं तेल नासवू?"

"त्यो नाक्यावर उभा ऱ्हाणार म्हणला."

"उभा ऱ्हाईल. आन डुक्कर दिसलं की पातं काखंत मारून बाभळीवर चढंल. त्येच्या मेजरला बाभळ ठावं नव्हती, ह्येला ठावं हाय."

राहीबाईनं भात्याची दांडी खाली ठेवली. "हत्यार आपल्या भट्टीचं हाय," एवढंच म्हणाली आणि घरात गेली.

कोंडीबानं पातं तसंच राखेत गार होऊ दिलं. मग त्याला दगडावर धार लावली, चिंचेच्या पाल्यानं आणि बारीक राखेनं घासून आरशासारखं केलं. धार काय, मऊ पत्र्यालाही लागते. ती हाडाला लागल्यावर पातं ताठ राहतं का, हे पाणी ठरवतं. पण बघणाऱ्याला ते कुठलं कळायला. मानसिंग न्यायला आला तेव्हा त्यानं हातावरचा केस धारेवर ठेवला, केस तुटला, आणि हा पंधरा वर्षांचा फौजी कोंडीबापुढं टाचा जुळवून उभा राहिला आणि त्यानं सलाम ठोकला. पुन्हा हशा. कोंडीबा सगळ्यांत मोठ्यानं हसला. तीस रुपयांत आपण गावाला तमाशा दिला, असं त्याला वाटलं.

करीच्या दिवशी गाव उसाकडं गेलं. कोंडीबा हाक्याला कधी जात नसे. डुकरांपेक्षा माणसंच जास्त बघावी लागतात, म्हणायचा. दुपारी ओढ्याकडून आरडाओरडा ऐकू आला, मग एक बैलगाडी भरधाव कराडच्या वाटेला गेली, आणि पाठोपाठ बातमी भट्टीवर आली. मानसिंगाला डुकरानं फाडला. मांडीपासून गुडघ्यापर्यंत. बातमी सांगणारे हसत होते. गुंडा पाटील स्वतः धापा टाकत आला आणि चिंचेखाली बसून सांगू लागला की कपबशीवाल्यानं डुकराच्या पुढ्यात जाऊन सुरा असा धरला जसा काय साहेबाला चमचा देतोय. "डुक्कर मी टिपलंच हुतं, पण ह्या गाढवानं मधी येऊन घोटाळा केला, डुक्कर पळालं," तो म्हणाला. कोंडीबानं हो ला हो केलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणत आता तो सुऱ्याला नावं ठेवील, असंही कुणी म्हणालं. कोंडीबा भट्टीतले कोळसे सारू लागला.

आठ दिवसांनी ज्योतिबा नावाचा एक मेंढपाळ लोकर कापायच्या कातरींना धार लावून घ्यायला आला. हा कवठे महांकाळकडचा, दरवर्षी मेंढरं घेऊन ह्या बाजूला उतरणारा. एक पाटील सोडला तर गावातलं कोण कोण त्याला ठाऊक नव्हतं. करीच्या दिवशी त्याची मेंढरं उसाशेजारच्या रानात बसली होती. राहीबाई भाता ओढत होती, कोंडीबा कातर घासत होता, आणि ज्योतिबा आपणहून बोलत बसला.

"तुमच्या गावचा त्यो फौजी जगला का वं? लय मोठ्या काळजाचा माणूस. मी बांधावर उभा हुतो, सगळं बघितलं. डुक्कर भाइर आलं आन त्या जाडजूड पाटलानं भाला टाकून धूम ठोकली. धावता धावता ढेकळात पडला. डुक्कर त्येच्यावर. बाकीचं समदं मागं सरलं. ह्यो एकटा गडी पळत गेला आन डुकराच्या खांद्यात सुरा घातला बघा, अगदी बराबर जागी. भाला नव्हता त्येच्याजवळ, वीतभर सुरा. आन सुरा वाकला! लोण्यात बोट घातल्यागत वाकला. तरी त्यानं डुकराचा कान सोडला न्हाई. पाटील उठून पळेस्तवर त्येनं धरून ठिवला, आन तवर त्येची मांडी फाटली."

कातर घासायचा आवाज थांबला.

"कुणा लोहारानं केला हुता त्यो सुरा, देव जाणं," ज्योतिबा म्हणाला. "आमच्याकडं असला लोहार असता तर त्येलाच भट्टीत घातला असता. माणसाच्या जिवाशी खेळणं हाय ह्ये. हत्याराला पाणी न्हाई म्हंजी काय?"

भाता थांबला होता. राहीबाई मान खाली घालून बसली होती. कोंडीबानं कातर पुन्हा हातात घेतली आणि घासलेलीच बाजू पुन्हा घासली. ज्योतिबानं पैसे पुढं केले तर त्यानं घेतले नाहीत. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच कुणी त्याच्या कामाला नाव ठेवलं होतं, आणि ते खरं होतं.

त्या दिवसापासून कोंडीबाची फुंकर बंद झाली. लोक म्हणू लागले, आबा म्हातारा झाला. कराडच्या दवाखान्यात जाऊन मानसिंगाला बघून यावं, असं त्याच्या मनात दहादा आलं आणि दहादा त्यानं ते टाळलं. जाऊन काय सांगणार? तुझी मांडी मी फाडली, असं? गावात पाटलाचीच गोष्ट खरी म्हणून चालली होती. चावडीवर, गुऱ्हाळावर, देवळात, जिथं बघावं तिथं कपबशीवाल्याच्या चमच्याचा विनोद. ज्योतिबा मेंढरं घेऊन पुढच्या गावाला निघून गेला होता, आणि परक्या मेंढपाळाचं कोण ऐकतो.

अक्षयतृतीया झाली. पेरणीच्या आधी अवजारं लावून घ्यायची, म्हणून भट्टीवर गर्दी. गुंडा पाटलाचे चार फाळ पडले होते आणि पाटील स्वतः चिंचेखाली तंबाखू मळत बसला होता. अशात मानसिंग काठी टेकत टेकत आला. उजवा पाय ओढत होता. त्याला बघताच दोघं-तिघं खाकरले.

तो कोंडीबासमोर आला आणि धोतराच्या सोग्यातून सुरा काढला. पातं मधोमध कोयतीसारखं वळलेलं.

"आबा, तुमच्या कामाचा मी नास केला," तो म्हणाला. "हाडावर घाव घातला. तुमी म्हणला हुता, डुकराला सुरा न्हाई चालत. मी आयकलं न्हाई. आता वापरायचा न्हाई मला. नुसता सरळ करून द्या, घरात ठिवतो."

"सरळ कशाला? चमचाच करून द्या," पाटील म्हणाला, आणि गर्दीत हशा फुटला.

कोंडीबानं सुरा हातात घेतला. गप्प बसणं किती सोपं होतं! गावातल्या एकालाही काही ठाऊक नव्हतं. नाव शाबूत होतं, पुढंही राहिलं असतं, आणि कोंडीबाजवळ नावाशिवाय दुसरं काही नव्हतंच. त्यानं राहीबाईकडं बघितलं. तिनं घण बाजूला ठेवला होता.

"ह्या सुऱ्याला मी पाणी दिलं नव्हतं," कोंडीबा म्हणाला.

 कोंडीबाला वाटलं, आता शिव्या पडतील. पडाव्यात असंच त्याला वाटत होतं.

"आबा," पाटील हसत म्हणाला, "तुमी कवापास्नं असं मऊ झालासा? कशाला ह्येची लाज झाकताय? चाळीस वरसांत तुमच्या भट्टीतलं हत्यार वाकलेलं कुणी बघितलंय व्हय?"

"खरंच," कुणी म्हणालं. "आबाचं हत्यार वाकंल कसं? ह्येनंच दगडावर आपटलं आसंल."

"आरं गाढवांनो, खरं सांगतोय!" कोंडीबा ओरडला. "ह्यो चहा वाटणारा म्हणून म्या त्येला खेळणं करून दिलं. तेल वाचवलं. आन पाटील, तू पळत हुतास तवा ह्येनं तुला वाचवला. मेंढपाळानं बांधावरनं बघितलंय. राहीला इचारा!"

"खरं हाय," राहीबाई म्हणाली.

"वैनी नवऱ्याच्या बाजूनंच बोलणार," पाटील म्हणाला. त्याचा चेहरा जरा उतरला होता, पण गर्दी हसत होती आणि गर्दीच्या जोरावर तो पुन्हा सावरला. "बघा रं, आबानं तर मलाबी पळवला!"

कोंडीबानं कानस उचलली आणि पात्यावर दाबून ओढली. पोलादाचा भुसा पायावर पडला. "बघा! मऊ हाय, मेणागत मऊ हाय! पाणी असतं तर कानस घसरली असती!"

"तुमच्या हातात समदंच मऊ हुतंय, आबा," एक म्हातारा कौतुकानं म्हणाला, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या.

कोंडीबा एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिला. चाळीस वर्षं त्यानं ह्या लोकांना हेच शिकवलं होतं: माणूस खोटा, माझं काम खरं. ते त्यांनी तोंडपाठ केलं होतं. आता त्यांना दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

शेवटी तो मानसिंगाकडं वळला. "मानसिंगा, तू तरी आयक. घाव तुझा बराबर हुता रं. मी चोर हाय."

मानसिंगाचे डोळे भरून आले होते. त्यानं काठी बाजूला ठेवली, दुखरा पाय लांब करत, जमिनीवर हात टेकून तो कसाबसा खाली वाकला आणि त्यानं कोंडीबाच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आबा," तो म्हणाला, "पंधरा वरसं फौजंत काढली, उरलेली ह्या गावात. माझी लाज झाकायला स्वतःच्या कामाला डाग लावून घेणारा मला कुणी भेटला नव्हता."

कोंडीबानं पाय मागं घ्यायला बघितलं. मागं ऐरण होती.